मामाजींना दाखवलेला सिनेमा

लढाईच्या वर्षांतला एक उन्हाळा. बायको सावनेरला माहेरी होती आणि सासरे नागपूरला माझं घर बघायला आले होते. घर बघायला म्हणजे, मुलीला परत पाठवायचं की नाही हे ठरवायला. आदल्या वर्षी आमचं मूल पाळण्यातच गेलं. त्यानंतर ती माहेरी गेली ती तिथेच राहिली. जावयाच्या घरात वडीलधारी बाई नाही, तो दिवसभर सदर भागातल्या कचेरीत हिशेब तपासतो, पोरीकडे बघणार कोण, असं सासऱ्यांचं म्हणणं. ते चूक आहे असं मला म्हणता येत नव्हतं.

तुरीच्या डाळीची थैली खांद्यावर टाकून ते अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं आले. घरात एकमेकांसमोर बसून दुपार काढायची या विचारानंच मला धास्ती बसली होती. म्हणून खानावळीत जेवण झाल्यावर मी सासऱ्यांना म्हणालो, "मामाजी, दुपारचा खेळ पाहून मग घरी जाऊ. तिथं दारांना खसच्या टट्ट्या लावून पाणी मारतात, थंड वाटेल."

थिएटराबाहेरच्या चित्रात नवरा-बायको देवासमोर हात जोडून बसले होते. कथा घरगुती आणि सात्त्विक असेल असं मी धरून चाललो. एरवी तपासल्याशिवाय मी काही धरून चालत नाही.

देवासमोरचा तो प्रसंग सुरुवातीलाच आटोपला. मग बायको माहेरी गेली आणि वरच्या माडीवर ग्रामोफोनवाली एक तरुण बाई राहायला आली. नवरा आधी तिची पेटी वर चढवून देतो, मग तिच्याकडे चहाला जातो, मग सांगतो की माझं लग्नच झालेलं नाही. लोक खुर्च्या बडवून हसत होते. मामाजी मांडीवर थैली धरून ताठ बसले होते. त्यांचा चेहरा अंधारात दिसत नव्हता. दिसला नाही तेच बरं, असंही वाटत होतं.

मध्यंतरात मी म्हणालो, "उकाडा होऊन राहिला जी. निघायचं का?"

"तिकिटाचे पैसे देल्ले नं? पुरा पाहू."

उत्तरार्धात पडद्यावरचा सासरा न सांगता जावयाच्या दारात उभा राहिला. त्या सासऱ्यानं खाटेखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, गादी उलटवली. नवरा त्याच्या मागे मागे पळत होता. थिएटर हसून हसून लोळत होतं.

मामाजी माझ्या कानाशी वाकले. "सासरा येडा हाय. गादी काय पाहून राहिला? पहिले चूल पाहाले पाहिजे."

आणि मला माझी चूल आठवली.

आमच्या शेजारी रेल्वेतले एक गार्ड राहत. ते गाडीवर गेले की दोन-दोन दिवस येत नसत. मी एकटा आहे म्हणून त्यांची बायको अधूनमधून कढी, पाटवडी, वांग्याची भाजी वाटीत घालून पाठवायची. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक. वाटीत घालायला माझ्याकडे मात्र स्वतःच्या हातचं काहीच नसे. बाजारातला पेढा घालून परत करणं म्हणजे उपकार फेडल्यासारखं दिसेल, म्हणून तेही केलं नाही. वाट्या घासून चुलीशेजारी मांडत गेलो. अशा सहा झाल्या होत्या. प्रत्येकीवर गार्डचं नाव कोरलेलं.

पडद्यावर पुढं काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. टांग्यात मी ठरवत होतो की मामाजी पाय धुतील तेवढ्यात वाट्या ताटाखाली झाकू. पण टांग्यावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत मला थांबावं लागलं आणि मामाजी तहानलेले होते. मी आत गेलो तेव्हा ते माठाजवळ उभे राहून एक वाटी खिडकीच्या उजेडात धरून अक्षरं लावत होते.

"हे नाव कोणाचं हाय, जावईबापू?"

मी सगळं खरं सांगितलं. पण जीभ अडखळत होती आणि प्रत्येक वाक्य मला त्या सिनेमातल्या नवऱ्यासारखं ऐकू येत होतं. गार्ड घरी नसतात हे मी सांगायला नको होतं. तेही सांगून बसलो.

"सहा वाट्या. आन् एकबी वापस नाही?"

"रिकामी कशी देणार जी?"

मग त्यांनी थैली सोडली, सहाही वाट्या डाळीनं भरल्या आणि परातीत मांडल्या. मी हात पुढं केला तर म्हणाले, "तुमी राहू द्या." आणि एकटेच शेजारी गेले.

मी अंगणातल्या भिंतीशी उभा राहिलो.

"बाई, मी बाजूवाल्यायचा सासरा. सावनेरचा."

"या जी बाबाजी, बसा. तुमची पोरगी कवा येऊन राहिली? जावई तुमचे लय लाजरे वं माय! दारात वाटी नेली का आतूनच म्हणतात, ठेवा."

पुढचं हळू आवाजात झालं. एकदा ती हसली. मामाजींचा आवाज काही ऐकू आला नाही. मूल, पाळणा, असे शब्द मध्येच कानावर आले. तेवढ्यावरून मी स्वतःला पक्कं सांगून टाकलं की बायको आता येत नाही.

मामाजी रिकामी परात घेऊन आले. ओसरीवर बसले. पाणी मागितलं, प्याले.

"बाई चांगली हाय," ते म्हणाले. "तिचंबी एक लेकरू गेलं. पोरीले सोबत होईल."

"हो जी."

"आन् चांगली हाय म्हणूनच म्हणतो, पोरीले सोमवारी पाठवतो. जास्त दिवस तुमी एकटे नको."

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला की उडाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सोमवार पुढं गेला असता.

सोमवारी ती भावाबरोबर आली. ती डब्यातून उतरत होती तेव्हा मी आधी तिचा चेहरा बघितला. वडिलांनी किती सांगितलं असेल याचा काही अंदाज लागेना. तिनं पदर सारखा केला, बोचकं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "माठ भरून ठेवला का?"

भरला नव्हता. तसं मी सांगितलं.

"मंग चाला लवकर," ती म्हणाली.