तंत्रस्नेही मंडळी आणि पारूचं वाचन

माझ्या फोनमधली जागा दर महिन्याला भरते. सुप्रभातची फुलं पुसते, लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ पुसते, की जागा होते. डोक्यातले किस्से मात्र पुसता येत नाहीत. त्यात हे मास्तर लोकांचे! एकावर एक चढून बसलेत. शेजारणींना सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढते.

मी कोल्हापुरात पेठेत तीस वर्षं बालवाडी चालवली. शिक्षण सातवी, तेही बाहेरून. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. मोबाइलसुद्धा माझी मीच शिकले. नातवाला विचारलं की तो उसासा टाकायचा, म्हणून विचारणंच सोडलं.

तर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी एक ऑनलाइन ग्रुप काढला. शाळेत डिजिटल शिक्षण कसं आणायचं, यावर दर शनिवारी संध्याकाळी मीटिंग. ग्रुपचे प्रमुख चौगुले सर, शहरातल्या एका मोठ्या शाळेचे. त्यांना बालगीतं हवी होती, म्हणून मला फोन आला.

"आक्का, तुम्ही तंत्रस्नेही आहात का?"

"मी कुणाचीच स्नेही न्हाय. पण फोन चालवते."

घेतलं मला!

*

पहिल्याच शनिवारी चौगुले सर 'संवादाचं महत्त्व' या विषयावर बोलले. चांगली वीस मिनिटं. हात काय, भुवया काय, सगळं हलत होतं. आवाज तेवढा नव्हता. माइक बंद!

मला वाटलं माझाच फोन बिघडला. खाली बघते तर चॅटमध्ये मेसेजांची रांग. 'अप्रतिम मार्गदर्शन सर.' 'डोळे उघडले सर.' 'शब्द न् शब्द मोलाचा.'

शेवटी मी माझा माइक सुरू केला आणि ओरडले, "अवो सर, तुमचा आवाजच येत न्हाय की!"

सरांनी माइक सुरू केला, घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. संपल्यावर त्याच लोकांनी तेच मेसेज पुन्हा टाकले. त्याच क्रमानं!

*

त्या घोळक्यात एकच बाई कामाचं विचारायची. सविता. गगनबावड्याच्या अंगाला एका वाडीवर दोन खोल्यांची शाळा, तिथं शिकवते. वय लहान, आवाज त्याहून लहान.

"सर, माझ्या चौथीत सात मुलं हायत. जोडाक्षर आलं की सगळी अडतात. शाळेत एकच टॅब, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. त्यातल्या पारूची मला लई काळजी हाय. तिची थोरली भैन वाचता येत न्हाय म्हणून पाचवीतनं घरी बसवली. मेपर्यंत हिला वाचाय आलं न्हाय तर हिलाबी बसवतील. काय करू?"

"उत्तम प्रश्न," चौगुले सर म्हणाले. "स्लाइड बनवा. भरपूर माहिती लिहा स्लाइडवर."

"सर, वाचताच येत न्हाय त्यास्नी."

"मग अक्षरं मोठी करा."

वर टाळ्यांची चित्रं आली!

*

नेसरीकडचे इंगळे सर म्हणजे आदर्श श्रोता. मीटिंग दोन तास चालो नाहीतर तीन, माणूस कॅमेऱ्यासमोरून हलायचा नाही. प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. चौगुले सर सगळ्यांना सांगायचे, "इंगळे सरांकडून एकाग्रता शिका."

माझं लक्ष इंगळे सरांकडे नव्हतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक पाल होती. ती कॅलेंडरवरून निघायची, ट्यूबलाइटपर्यंत जायची आणि एकदम परत कॅलेंडरवर उगवायची. ट्यूबलाइट, कॅलेंडर. ट्यूबलाइट, कॅलेंडर. एका मीटिंगमध्ये मी अकरा फेऱ्या मोजल्या.

गड्यानं मान डोलावतानाचा आपला व्हिडिओ काढून कॅमेऱ्याच्या जागी लावला होता आणि स्वतः डेअरीत दूध घालायला गेला होता!

मी तोंडावर सांगितलं, "इंगळे सर, तुमची पाल दमली की वो!"

इंगळे सर मान डोलवत राहिले.

महिनाअखेर त्यांना 'सक्रिय सहभाग' असं प्रमाणपत्र मिळालं. मी चौगुले सरांना म्हटलं, "एक पालीच्या नावानं काढा. खरं चालणं तिचंच हाय."

*

चौगुले सरांच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला. मला बालगीतं म्हणायला बोलावलं, म्हणून गेले. बघते तर बोर्डावर भरतकामाचा टेबलक्लॉथ.

"ह्यो झाकून का ठेवलाय?"

शिपाई म्हणाला, "बंद हाय, आक्का."

"कवापास्नं?"

"खंडेनवमीपास्नं."

म्हणजे झालं असं. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तसा गुरुजींनी बोर्ड पुजला. झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, इथवर ठीक. पण नारळ कुठं फोडावा? बोर्डाच्या खालच्या कडेवर! पाणी सगळं आत.

त्या महिन्याच्या ऑनलाइन अहवालात एक रकाना होता : 'बोर्डाचा वापर कोणत्या प्रसंगी केला?' तिथं चौगुले सरांनी लिहिलं, 'सणासुदीला.'

*

एकदा मीटिंग संपल्यावर मी सविताला फोन लावला. म्हटलं, "पोरी, त्या रिकामटेकड्यांस्नी काय विचारतीस? त्या टॅबला आवाज भरायची सोय हाय का?"

"हाय की."

"त्याला नेट लागतं?"

"न्हाय लागत."

"मग झालं! प्रत्येकानं एक ओळ वाचायची, आवाज भरायचा आन् आपलाच आपण ऐकायचा. बास."

हे मला कुठल्या कोर्सनं नाही शिकवलं. माझी चूक दुसऱ्यानं दाखवली की माझं डोकं फिरायचं. टेपमध्ये माझीच गाणी भरून ऐकली की मी गप व्हायचे, कारण चुकणारीही मीच आणि सांगणारीही मीच. पोरांचं काही वेगळं नसतं.

दोन महिन्यांत सहा पोरं वाचायला लागली. सविता टाकीखाली जाऊन त्यांचे आवाज मला पाठवायची. सातवी पारू. ती टॅब हातात घ्यायची, सगळ्यांचे आवाज ऐकायची, स्वतःचा मात्र भरायची नाही.

"लाजती का?" मी विचारलं.

"न्हाय, आक्का. म्हणती, बरोबर आल्यावरच भरीन."

मला ती पोरगी तेव्हाच आवडली!

इकडे चौगुले सरांना कुणकुण लागली. पुढच्या शनिवारी पडद्यावर स्लाइड : 'ध्वनी-आधारित नवोपक्रम. मार्गदर्शक : चौगुले सर.' खाली टाळ्या. मी एकच वाक्य टाकलं, 'मार्गदर्शकांनी ती वाडी कुठं हाय ते सांगावं.' लगेच नेटवर्क गेलं म्हणे सरांचं!

*

एप्रिलमध्ये शिक्षण खात्याचे मोठे साहेब स्वतः ऑनलाइन येणार ठरलं. सविताची शाळा दाखवायची. चौगुले सर पुण्याच्या लग्नाला निघाल्यागत कोट घालून बसले होते. सविता पोरं घेऊन टाकीखाली सतरंजीवर बसली, टॅब दगडाला टेकवून ठेवलेला. एक-एक पोर पुढं आलं. सरांची स्लाइड पडद्यावर, तिच्यातली एक-एक ओळ वाचून मागं गेलं. सहाच्या सहा!

साहेब खूश. चौगुले सर समारोप करायला लागले, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. ती मागं बसलेली मुलगी राहिली की."

सविताचा चेहरा उतरला. तरी तिनं टॅब उचलला आणि पारूच्या मांडीवर ठेवला. पडदाभर पारूचं कपाळ आणि दोन डोळे.

चौगुले सर घाईघाईनं काहीतरी टाइप करताना दिसले. लिहायचं होतं एकट्या सविताला. गेलं सगळ्यांना.

साहेब म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. समोर जे दिसतंय ते वाच."

पारूनं पडद्यावर बोट ठेवलं. स्लाइडवर नाही, तिच्यावर आत्ताच उगवलेल्या मेसेजवर. आणि सावकाश, एकेक अक्षर धरून वाचायला लागली.

"सविताबाई... त्या... मागच्या... मुलीला... पुढे... आणू नका. तिला... वाचता... येत नाही. साहेबांसमोर... ग्रुपची..."

इथं ती अडली. ओठ हलले, बोट हललं नाही.

"अब्... अब्रू! अब्रू जाईल."

 

पारूनं मान वर केली.

"सर, पुढचं लिवा की!"