मिश्रीची डबी

शेजारच्या आजी तव्यावर तंबाखू भाजायला लागल्या, की मी खिडकीशी जाऊन तो वास छातीभर घेते. आईही अशीच मिश्री भाजायची. तिच्या गालातली जखम दोन महिने भरेना, तेव्हा निफाडहून तिला नाशिकला आणलं. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि मिश्री बंद केली. रिपोर्टला आठ दिवस होते. आई रोज सकाळी डबी उघडायची, नुसती हुंगायची, मिटायची.

"फेक ना ती!" मी चिडायचे.

"रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट चांगला आला. मी ओक्साबोक्शी रडले. आईने उठून अख्खी डबी मोरीत पालथी केली.

"इतके दिवस डॉक्टरनं बंद केली व्हती," ती म्हणाली. "आज मी सोडली."