माझ्या पाठीमागून विचार

"मशीन काढ," सुधीर म्हणाला. माइकवर, भरल्या हॉलसमोर.

मी हात वर नेईपर्यंत त्यानेच ते माझ्या कानातून ओढलं. कान चुरचुरला. कीबोर्ड वाजत होता, लोक रडून रडून प्रार्थना करत होते, ते सगळं एकदम बंद झालं. वारज्यातलं मंगल कार्यालय ते. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाच्या झालरी अजून लटकत होत्या. सुधीरने मशीन दोन बोटांत धरून लोकांना दाखवलं, मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तसं. मग माझ्यासमोर आला. सावकाश बोलला.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"तुझा तारणारा कोण?"

"येशू."

लोक ताडकन उभे राहिले. बायका रुमाल हलवायला लागल्या. सुधीर माझ्याकडे पाठ करून लोकांशी काहीतरी बोलला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसले. मला वाटलं, माझ्या आनंदात हसतायत.

लहानपणी तापात माझे कान गेले. उजव्या कानात मशीन घातलं तर थोडंफार कळतं, बाकी मी ओठ वाचते. समोरचा तोंड करून बोलला की मला जवळजवळ सगळं समजतं. हे सुधीरइतकं कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या आईलासुद्धा नाही.

आम्ही एकाच चर्चच्या युवक संघातले. बाकीची पोरं मला "ए बहिरे" म्हणायची, नाहीतर कानाशी येऊन ओरडायची. सुधीर नुसता समोर येऊन उभा राहायचा. उपासना संपली की चर्चच्या पायरीवर बसून पाळकांचं सगळं प्रवचन मला परत सांगायचा, त्यांच्या खोकल्यासकट. कुणी माझ्या मागून बोललं तर तो त्याला खांद्याला धरून फिरवायचा. "तिच्याकडे तोंड करून बोल रे." एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. खरं सांगते, मी देवावर विश्वास ठेवायला त्याच्याकडूनच शिकले.

तो बंगल्यातला, आम्ही वस्तीतले. त्याचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. ते तो दर सभेत सांगायचा आणि लोक "ओहो" करायचे. माझे आजोबा कशातून ख्रिस्ती झाले ते कुणी विचारत नसे. आडनाव ऐकलं की सगळ्यांना कळायचंच. चर्चमध्ये जात नसते म्हणतात. हो, नसते. फक्त लग्नं ठरवताना कुठून तरी येते.

पुढे सुधीर बायबलचं शिक्षण घेऊन आला आणि त्याने स्वतःच्या आरोग्य सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभा, सुरू केल्या. स्वारगेटला उतरून लोक वाट विचारत वारज्याला यायचे. मी पहिल्या सभेपासून होते. सतरंज्या घातल्या, गायकांचे झगे शिवले. मी कोथरूडला ब्लाउज शिवते, ते काम मला येतं. सगळे त्याला पास्टर म्हणायचे, मी सुधीरच म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता.

त्या सभांची एक रीत होती. बरं झाल्याचं आधी कबूल करायचं, मग बरं वाटतं. काढलेली वस्तू परत घातली की देवाला खोटं ठरवलं. स्टेजवर एका टेबलावर चष्मे, काठ्या, कमरेचे पट्टे पडलेले असत. माझं मशीनही तिथेच ठेवलं. "पुढच्या सभेत बरं झाल्याची साक्ष दे, मग बघू," सुधीर म्हणाला.

आणि मी वेडी, रोज सकाळी गॅसवर कुकर लावून त्याच्यासमोर उभी राहायचे. प्रार्थना करायचे. शिट्टी वर उडताना दिसायची. नुसती दिसायची. मग वाटायचं, माझाच विश्वास कमी पडतोय. कोथरूडला रस्ता ओलांडताना मागून बस आली, तेव्हा एका बाईने दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. तरी मशीन मागायला गेले नाही.

मग माझी भाची रोशनी मोबाईल घेऊन आली. त्या सभेचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. एवढ्याशा पडद्यावर मला ओठ वाचता येईनात, म्हणून ती ऐकायची आणि माझ्याकडे तोंड करून सांगायची. एका जागी थांबली.

"मावशी, सोड ना. प्लीज."

"सांग."

"तू उगाच..."

"रोशनी, सांग म्हणते ना!"

तिने सांगितलं. माझ्याकडे पाठ करून सुधीर म्हणाला होता, "हिच्या घराण्यालाच शाप होता. पिढ्यानपिढ्या मेलेली ढोरं ओढलेली माणसं ही. घाणीत कान कसे उघडणार? आज प्रभूने उघडले."

व्हिडिओत मी त्याच्या मागे उभी होते. हसत होते.

माझ्या आजोबांनी ढोरं ओढली. ओढायला लावली म्हणून ओढली. त्यात शाप असलाच तर लावणाऱ्यांना असेल! संतापाने त्या दिवशी माझ्या सुईत दोरा जाईना. आणि आतून रडू येत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला मागचं ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. माझा मित्र होता म्हणूनच माहीत होतं.

पुढच्या सभेत त्याने मला साक्षीला बोलावलं. पुन्हा समोर उभा, पुन्हा तेच सावकाश बोलणं. "सांग सगळ्यांना. आता ऐकू येतं ना?"

मी त्याच्याकडे पाठ केली. लोकांकडे तोंड करून म्हटलं, "आता विचार."

त्याने काही विचारलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. मी लोकांचे चेहरे बघत होते. पुढच्या रांगेतल्या एका आजीने पदर तोंडाला लावला. तिच्या शेजारचा माणूस एकदा माझ्याकडे बघे, एकदा माझ्या मागे.

"मी बहिरी आहे," मी म्हटलं. "तेव्हाही होते. मी ओठ वाचते, हे याला पहिल्यापासून माहीत आहे. आणि माझ्या आजोबांबद्दल जे बोललास ना सुधीर, ते माझ्या तोंडावर बोल."

कुणीतरी माइक हिसकावला. शेवटचं वाक्य मी तसंच ओरडून पुरं केलं. टेबलाकडे गेले, चष्म्यांच्या ढिगातून माझं मशीन उचललं आणि सगळ्यांसमोर कानात घातलं. पहिला आवाज आला तो त्याचाच.

"हिच्या तोंडून सैतान बोलतोय."

"नाही," मी म्हटलं. "मीच बोलतेय."

चार लोकांनी मला दाराबाहेर काढलं. त्यातल्या दोघांचे झगे मी शिवलेले होते.

नंतर सुधीरचा मेसेज आला. "मी तुला मनापासून क्षमा केली आहे." वा! काय मोठं मन!

मी केलेली नाही. चर्चमधल्या बायका म्हणतात, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी. करावी. मी अजूनही दर रविवारी चर्चला जाते, प्रभूची प्रार्थना म्हणते. 'आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे' ही क्षमेची ओळ आली की गप्प राहते. ज्या माइकवर तो माझ्या माणसांना घाण म्हणाला, त्याच माइकवर, तेवढ्याच लोकांसमोर त्याने ते परत घ्यावं. तोवर ती ओळ मी म्हणणार नाही.