कुंकवाखालचा आकडा

परदेशी निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बॅगेत मेतकूट, लोणचं, भाजणी सगळं आठवणीने भरता. पण त्याचं औषधाचं यंत्र तिथल्या विजेवर चालेल का, हे तुम्ही कुणाला विचारता?

पार्वतीआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा हा प्रश्न मला तिच्याच आवाजात ऐकू आला. महिना होऊन गेला... अजून येतो. नाशिकजवळ मखमलाबादला तिचा शेवंतीचा मळा आणि छातीत जुना दमा. फुलं तोडून आली की ती औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर लावून बसायची आणि मास्कच्या आतूनच गड्यांना हाका मारायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिची लेक लता अमेरिकेत बाळंत व्हायची होती आणि आत्याला जायचंच होतं. माझे वडील म्हणाले, "अक्का, दम्याचं माणूस तू, घरीच बस." जावई फोनवर म्हणाले, "सगळेच येतात हो आई. एक अडॅप्टर घ्या, पिन बसली की झालं." एकाला तिला घरात डांबायचं होतं, दुसऱ्याला नशिबावर सोडायचं होतं. आत्याने दोघांनाही झटकलं. "पिन बसंल हो. पण वीज कंची येईल?"

यंत्र उलटं केलं, तर लेबलवर कुंकवाचा थर. दर खंडेनवमीला कोयता आणि फवारणीच्या पंपाशेजारी ती नेब्युलायझरही पुजायची, आणि बोट नेमकं आकड्यांवर टेकवायची. "घ्या, माझाच टिळा मला आडवा आला!" म्हणत ती हसली आणि खोबरेल तेलाने लेबल पुसत बसली... आकडा निघाला, २३० व्होल्ट. फक्त तेवढाच, दुसरा कुठला दाब त्यावर लिहिलेला नव्हता. अमेरिकेच्या घरात विजेचा दाब त्याच्या साधारण निम्मा. अडॅप्टरने पिनेचा आकार बदलतो, दाब नाही. ऐन दम लागल्यावर ते यंत्र तिथे नुसतं घुरघुरलं असतं.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. हक्क मागायचा तो घोषणा देऊन, एवढंच मला ठाऊक. आत्याने तो ओट्यावर बसून मागितला. डॉक्टरांना विचारून लताने तिथल्या विजेवर चालणारं यंत्र तिथेच घेतलं, तरी आत्या फोनवर अडूनच. "लावून दाखव. आवाज ऐकल्याबिगर तिकीट नाय."

"आई, फोनचं बिल बघ ना!"

"माझा दम त्याहून महाग हाय."

लताने रिसीव्हर यंत्राशी धरला. आत्या डोळे मिटून ती घरघर ऐकत राहिली... मग म्हणाली, "हां. आता पोटातलं काय म्हणतं ते सांग." ती अमेरिकेला गेली, आणि नातीला पहिली अंघोळ तिनेच घातली.

तिचं नाशिकचं यंत्र अजून तिच्या खोलीत खिडकीपाशी आहे. नंतरच्या प्रत्येक खंडेनवमीचं कुंकू त्याच्या कडेला आहे. लेबल मात्र लख्ख.

तुमच्या घरातून कुणी निघालं असेल, तर आज त्याचं यंत्र उलटं करा. आकडा मोठ्याने वाचा, तिथली वीज विचारा, डॉक्टरांशी बोला. आणि जुळत नसेल, तर तिथल्या यंत्राचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय त्याला विमानात बसवू नका.