पुर्जा फिरेना

मोरिवलीच्या कारखान्यात बारा वर्षं प्रेस मशीन चालवल्यावर शेठनी मला ड्रॉइंगच्या टेबलावर बसवलं, पण अट घालूनच. "शनिवार तक स्क्रीन पे पुर्जा घूमना चाहिए. नहीं तो वापस प्रेस पे." म्हणजे कागदावरचा पुर्जा संगणकावर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचा. त्यासाठीचं विकतचं सॉफ्टवेअर ते घेणार नव्हते. फुकटचं लिनक्स आणि रविवारच्या क्लासात शिकलेलं प्रोग्रामिंग, एवढ्या भांडवलावर मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी आमच्या हिने कात्रपच्या अख्ख्या बिल्डिंगला "हे आता डिझायनर झाले" असं सांगून टाकलं. आता प्रेसवर परतणार कुठल्या तोंडानं?

प्रोग्राम लिहून झाला. तो तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं एकही चूक काढली नाही. आपला प्रोग्राम आणि चित्रं काढणाऱ्या तयार लायब्ऱ्या यांची जोडणी करणारा लिंकर मात्र अडून बसला. स्क्रीनभर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. म्हणजे तुम्ही हाका मारताय ती मंडळी इथे राहत नाहीत. मी लायब्ररी पुन्हा टाकली, तिसऱ्यांदा टाकली. मशीन म्हणतं, आहे की आधीपासून! मग राहते कुठे, वांगणीला? मी कीबोर्ड असा आपटला की स्पेसबार निघून हातात आला.

शनिवारी दुपारी स्टोअरवाले मामा चहा घेऊन आले. कारखान्याची सगळी हत्यारं त्यांच्या ताब्यात. संगणकाशी संबंध शून्य. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय लिवलंस त्याला, वाच." लिंकरला दिलेला हुकूम मी वाचून दाखवला. आधी लायब्ऱ्यांची नावं, शेवटी माझी फाइल. लग्नपत्रिकेत थोरामोठ्यांची नावं आधी घालतात, तसं मानानं लिहिलेलं.

"आन त्यो वाचतो कसा?"

"डावीकडून, एकेक."

मामा हसले. "अरं, मी खिडकी उघडली आन समोर चिठ्ठी घेऊन कोन नसंल, तर मी काय करतो?"

"बंद करता."

"मग पाना मागनारा मागनं आला तर?"

"शिव्या खाऊन परत जातो."

"हां. तुजा मागनारा मागं उभा हाय."

मागणारी म्हणजे माझी फाइल! ती पुढे घेतली, लायब्ऱ्या मागे, आणि एंटर मारलं. एकही तक्रार आली नाही. पुर्जा स्क्रीनवर गरागरा फिरायला लागला. मला चक्क रडू आलं. मामांनी चहा माझ्याकडे सरकवला.

शेठ आले, खुर्ची ओढून बसले. "घूमता है," म्हणाले. माझी छाती फुगली. तिसऱ्या फेरीला त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ये होल इधर कैसे?"

ड्रॉइंग माझंच होतं. कागदावर चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती; पुर्जा फिरला आणि त्याची पाठ दिसली. मनातल्या मनात मी प्रेसकडे निघालोसुद्धा.

"अच्छा हुआ घुमाया. माल कटने से पहले दिख गया," शेठ उठत म्हणाले. "टेबल तेरी. पहले ये होल उधर कर."

मी इतका हरखलो की भोक तिकडे पाडलं आणि इकडचं बुजवायचं विसरलो.