लिंबाच्या गल्लीत न दिलेली दवंडी

झुलाल दवंडीवाला पायांनी थकला, गळ्यानं नाही. पांझरेच्या काठच्या त्या बाजारगावात कुणाचं वासरू हरवलं, लिलाव कधी, टोचणीवाले कधी येणार, हे सगळं गावाला त्याच्या तोंडून कळायचं. काम सोपं दिसतं, पण तसं नाही. डफ आधी काटक्यांच्या जाळावर शेकावा लागतो. कातडं ढिलं राहिलं तर आवाज कोपऱ्यापलीकडे जात नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, वाक्य एका दमात संपवायचं आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही. झुलालनं तो कधी गिळला नाही.

एक नियम बापापासून चालत आलेला. ज्या गल्लीत मयत झालं, तिथं दहावा होईपर्यंत डफ वाजवायचा नाही. आणि डफाशिवाय सांगितलं, ती दवंडी नव्हे. "डफ नहीं, त्या ओटावरन्या गप्पा," बाप म्हणायचा.

१९४९च्या पावसाळ्यात गावात पटकी आली. चावडीवरून हुकूम निघाला, लिंबाच्या गल्लीतल्या आडाचं पाणी कुणी पिऊ नये. झुलाल सकाळीच निघाला. पेठ झाली, कुंभारवाडा झाला. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली आला, तर आत तिरडी बांधणं चाललेलं. कुणाचा तरी म्हातारा वयानं गेला होता. झुलालनं डफ काखेत धरला.

गल्लीतलं पहिलंच घर भिकुबाईचं. तिची सून तानुबाई नुकतीच लग्न होऊन आलेली, जिभेची तिखट. डफ ऐकला की भाकरी थापता थापता उठायची आणि पिठाच्या हातानं चौकट धरून विचारायची, "झुलालभाऊ, आज काय शे? कोनं वासरू हारपनं?"

"वासरू नहीं वहिनी, तुना नवरा हारपना. बाजारमा पाहेल शे का?"

"राहू दे. सापडना तरी आठे नको आनू!" सासूच्या देखत ती असं बोलायची आणि सासूच आधी हसायची.

त्या दिवशीही ती दारात आली. मयतामुळे आवाज दबका ठेवून तिनं विचारलं, "झुलालभाऊ, आज काय शे?"

झुलालनं तिरडीकडे बोट दाखवलं, नुसता हात हलवला आणि वळला. पुढं अर्धं गाव पडलं होतं. सांगावं की नाही, असा प्रश्नही त्याला पडला नाही. नियम होता, तो त्यानं पाळला.

मसणातून परतलेल्या माणसांनी त्याच आडावर अंघोळी केल्या. बायकांनी त्याच पाण्याच्या घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून बातमी गल्लीत पोचली, तेव्हा तानुबाई अंथरुणाला खिळली होती. ती त्यातून उठलीच नाही.

झुलालला कुणी बोल लावला नाही. चावडीवरचे पितांबरनाना म्हणाले, "सुतकात डफ कोण वाजवतो? तुझं काय चुकलं?" शिव्या दिल्या असत्या तर त्याला काही तरी उत्तर देता आलं असतं.

तेव्हापासून लिंबाखाली आलं की त्याची काठी डफावर अडखळायची. भर दुपारी, बाजाराच्या गलक्यात, ताज्या पिठाचा वास यायचा आणि कानाशी दबका आवाज विचारायचा, "आज काय शे?" मान वळवली की दार रिकामं. चौकटीवर मात्र पांढरी बोटं उठलेली. ती पिठाची की चुन्याची, हे जवळ जाऊन बघायला हवं होतं. झुलाल जवळ गेला नाही. लिंबाखालूनच तो दवंडी द्यायचा, तीही दोनदा, शिरा ताणून. पोरं खिदळायची, "आठे कोन बहिरं शे रे?"

१९५७ साली गावानं भोंगा आणला. टांग्यात बॅटरी ठेवायची, भोंगा वर बांधायचा आणि बसल्या जागी बोलायचं. झुलालला नारळ दिला. त्यानं डफ घरी खुंटीला लावला. भोंग्याची पहिली बातमी डासांच्या औषधाची होती. उद्या फवारणीवाले येणार, पाणी, पीठ, धान्य झाकून ठेवा, लेकरं घराबाहेर न्या. काम नीट होतं का, हे बघायला झुलाल टांग्यामागून चालत राहिला.

लिंबाशी टांगा वळला.

"आत नहीं गया?" झुलालनं विचारलं.

टांगेवाला हसला. "बोळमा घोडं काय डोकावर लिसन जाऊ? आवाज जास आत."

आवाज जात होता, पण भिंतींवर आपटून फुटत होता. शेवटचा शब्द गल्लीत पोचतच नव्हता. टांग्यात बसलेले पितांबरनाना म्हणाले, "झुलाल, तू सुटलास आता. घरी जा."

टांगा गेला. पिठाचा वास आला. दबक्या आवाजानं विचारलं.

झुलाल मोकळ्या हातांनी गल्लीत शिरला. डफ नसताना हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळेना. भिकुबाई दारात पीठ चाळत बसली होती. तिच्यासमोर उभं राहून त्यानं फवारणीचं सगळं सांगितलं, हळू, एकेक शब्द. ऐकून तिनं परातीवर फडकं टाकलं.

"डफ कोठे शे?"

"घर शे, अक्का."

"मंग हाई दवंडी शे का गप्पा?"

"दवंडी शे."

भिकुबाई फडक्याची कडा सारखी करत म्हणाली, "त्या दिन मी तानीले इचारं, काय सांगस झुलाल? ती म्हने, खास काही ऱ्हातं तर झुलालभाऊ सांगताच ना. मंग घागर लिसन आडवर गई."

तिच्या आवाजात राग नव्हता. झुलालनं चौकटीचा आधार घेतला आणि हात झटकन मागं ओढला. मग तो पुढच्या दारात गेला. तिथून त्याच्या पुढच्या. गल्ली संपेपर्यंत त्यानं एकही दार सोडलं नाही.

परत येताना त्याला वाटलं होतं, आता तो आवाज थांबेल. भिकुबाई दार लावून आत गेली होती. लिंबाखाली पाऊल पडलं आणि मागून विचारलं, "झुलालभाऊ, आज काय शे?"

तो वळला. बंद दाराला त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

पुढं मरेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी तो तिथं थांबायचा. शेंगांचा भाव, कुणाचं लग्न, कुणाची म्हैस व्याली, जे असेल ते सांगायचा. लोक म्हणत, म्हातारा भिंतीशी बोलतो. झुलाल हात मोकळे सोडून, वाऱ्याकडे पाठ करून उभा असायचा आणि शेवटचा शब्द गिळत नसे.