यादीतला माणूस

"एवढी मोठी यादी, आन् त्यात माणूस बी हाय. पण घेत कुणी न्हाई त्याला."

आवाज वरून आला. मी दचकून कीबोर्डवरचा हात काढला. जेवणाची सुट्टी होती. डबा अर्धवट उघडा होता, आणि ट्यूब बदलायला शिडीवर चढलेले अप्पा कधीपासून माझा स्क्रीन बघत होते हे मला कळलंच नव्हतं. ते माझ्याशी बोलत नव्हते. हातातल्या स्टार्टरकडे बघत स्वतःशीच बोलले होते.

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाइप करायची. मूळची मुदखेडची, शाळा नांदेडला, इंग्रजी माध्यमाची. म्हणून इंग्रजी प्रश्न माझ्याकडे. बोलायचं काम कुणाशी पडत नसे आणि ते मला बरंच होतं. दुपारी दार लोटून घेऊन मी एक फुकटचा गेम खेळायची. जमिनीखाली पंधरा मजल्यांचं तळघर, प्रत्येक मजल्यावर राक्षस, सापळे, कुलुपं. अगदी तळाशी एक खडा, तो घेऊन वर यायचं. सुरुवातीला आपण कोण ते निवडायचं. लांब कानांचे जादूत हुशार, बुटके कुऱ्हाडीत पक्के, अंगानं धिप्पाड असलेले एका फटक्यात दार तोडणारे. यादीच्या मधेच कुठेतरी माणूस. त्याला कशातच जास्त गुण नाहीत, कशातच उणे नाहीत. सगळं येतं, पण बेताचंच. मी कधी त्याला घेतलं नव्हतं.

शिडीवरून उतरून अप्पांनी खांद्यावरच्या रुमालाला हात पुसले. "मॅडम, ह्यो गेम बी आधी जात इचारतो का?"

मला हसू आलं. त्या ऑफिसात पहिल्यांदाच कुणासमोर हसले असेन.

"मग माणूस घ्या की एकदा," ते म्हणाले. "बघू तरी कुठवर जातो ते."

अप्पा पन्नाशीचे, लातूरजवळच्या मुरुडचे. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, पायात रबरी चपला. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. क्लासमध्येही ते कुणी घेत नसे. हजेरीच्या वहीत शिक्षक, कार्यालय, सुरक्षा असे रकाने होते आणि शेवटी 'इतर'. त्या रकान्यात अप्पा एकटेच. घंटा देणं, इन्व्हर्टरमध्ये पाणी भरणं, बंद पडलेला प्रोजेक्टर उघडून रंगाच्या ब्रशनं झटकणं, उत्तरपत्रिकांचा स्कॅनर चालवणं, उन्हाळ्यात चक्कर आलेल्या मुलीला लिंबू-साखर देणं. देगलूरकडचे पालक आले की तेलुगू, निलंग्याकडची एखादी आजी आली की कानडी. "अप्पा, हे येतं का हो?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "थोडं थोडं येतं." आणि रुमाल हातात यायचा. तुम्हीही तुमच्या ऑफिसात असा माणूस पाहिला असेल. तो असेपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

एकदा कंधारकडचे एक गृहस्थ मुलाला मार्क कमी पडले म्हणून त्याला वर्गातून ओढत बाहेर आणून मारायला लागले. शिक्षक नुसते बघत राहिले. अप्पा मध्ये गेले.

"पाव्हणं, तुमी कितवीपातुर शिकलात?"

"म्या? म्या चौथीत सोडली शाळा."

"आन् ह्यो अकरावीत हाय. म्हंजे सात वर्सं म्होरं गेला की तुमच्या. मागच्यानं म्होरच्याला मारायचं आसतं का?"

गृहस्थ आधी चिडले, मग बावरले, आणि मग अप्पांसोबत चहाला गेले. मुलगा रडत होता. परत येताना अप्पांनी त्याच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला आणि त्याच्या वहीवर ठेवला.

दुपारचा गेम आमचा दोघांचा झाला. ते स्टुलावर बसायचे, कीबोर्ड माझ्याकडे, निर्णय त्यांचा. हिरोचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं तर म्हणाले, "इतर ठेवा." पहिला इतर दुसऱ्याच मजल्यावर उंदरांनी मारला.

"मेला म्हंजे खरंच मेला? परत उठत न्हाई?"

"नाही. नवीन घ्यावा लागतो."

"मग ह्यो गेम खरा हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

माणूस घेतला की एक चूक सगळे करतात, असं त्या गेमबद्दल लिहिणारे सांगतात. त्याला सगळंच शिकता येतं, म्हणून लोक सगळंच शिकवायला जातात आणि तो कशातच पुरेसा होत नाही. एकच धरावं, तलवार तर तलवार. मी अप्पांना हे दहा वेळा सांगितलं.

"आन् कुलूप आलं तर?"

"कुलपाचं दार सोडून द्यायचं."

"आतमंदी कुणी अडकलं आसंल तर?"

"अप्पा, आत कुणी नसतं. गेम आहे तो."

"तरी बी थोडं कुलूप ठिवा. आन् जखम बांधायचं बी थोडं."

असे आमचे इतर सहाव्या-सातव्या मजल्यावर मरत राहिले. एक मात्र नवव्यावर पोचला. त्या दिवशी तलवार तुटली होती. थोडं लपता येत होतं म्हणून तो लपला, थोडं कुलूप येत होतं म्हणून एका खोलीत शिरला, थोडी पट्टी बांधता येत होती म्हणून वाचला. अप्पा स्टुलावर पुढे सरकून बसले होते, तोंडात घास तसाच. मी त्याला नशीब म्हटलं. ते नुसते हसले.

पुढे क्लास दुसऱ्या एका मोठ्या संस्थेशी जोडला गेला. नवे व्यवस्थापक आले. त्यांच्या ओळखीचं आमच्यात कुणी नव्हतं. त्यांना आमचे कागद तेवढे ओळखीचे. प्रत्येकाला एक छापील फॉर्म मिळाला. आपण काय काम करता ते इंग्रजीत लिहायचं होतं, सहा आखलेल्या ओळींत. ज्याचं काम स्पष्ट नाही त्याला नव्या इमारतीत जागा नाही, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अप्पा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, मुरुडला घर हाय, म्हातारी हाय, पण काम हितंच हाय माझं. जरा नीट लिवा."

ते सांगत गेले आणि मी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं टिपत गेले. घंटा. पाण्याची मशीन. इन्व्हर्टर. एकवीस कामं झाली. मधेच ते थांबायचे, "हे लिवू नका, लई बारीक हाय," म्हणायचे आणि मग म्हणायचे, "बरं, लिवा." पालकांना समजावणं हे त्यांनी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही.

ते घंटा द्यायला गेले. मी ती यादी बघत बसले. मला वाटलं, हे वाचून व्यवस्थापक हसतील. जो सगळं करतो, तो काहीच करत नाही असं त्यांना वाटेल. एकच धरावं, ठळक धरावं. फॉर्मवर मी सुंदर अक्षरात एकच ओळ लिहिली, उत्तरपत्रिका स्कॅनिंग विभागाचे प्रमुख. तसा विभाग नव्हता. इंग्रजीत ते फार भारदस्त दिसत होतं. खालच्या पाच ओळी मी कोऱ्या सोडल्या.

अप्पा परत आले, सही करायला वाकले. "समदं बसलं का ह्यात?"

"हो," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यं बोलावी लागली असती. मी एका शब्दात भागवलं. त्यांनी मराठीत सही केली.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. व्यवस्थापक एकेक फॉर्म उचलून वाचत होते. अप्पांचा आला. "स्कॅनिंग. अप्पा, यंदापासून चाचण्या टॅबवर होणार. कागदी उत्तरपत्रिकाच नाहीत. स्कॅनर जाणार." मग त्यांनी कागद फिरवून अप्पांकडे केला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. "याशिवाय दुसरं काही काम बघता का तुम्ही?"

अप्पांनी कागद हातात घेतला. इंग्रजीही त्यांना थोडं थोडं येत होतं. ते सावकाश, ओठ हलवत वाचत होते, आणि एकच ओळ असल्यामुळे वाचन लवकर संपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. "हे मी सांगितलं नव्हतं," एवढंच त्यांनी म्हटलं असतं तरी पुरे होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं.

"कागदावर हाय तेवढंच, सर," ते म्हणाले.

ज्याला त्याला आपल्या फॉर्मची काळजी होती. मी पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

महिनाअखेर त्यांचा शेवटचा दिवस होता. ते माझ्या खोलीत आले, ट्यूबचा कानोसा घेतल्यासारखं वर बघितलं. "ट्यूब लुकलुकली तर स्टार्टर जरासा फिरवायचा. भिऊ नका, माय, शॉक बसत न्हाई." एरवी मला मॅडम म्हणणारे अप्पा त्या दिवशी माय म्हणाले. मी म्हटलं, "बरं."

ते गेल्यावर इमारत पडली वगैरे काही झालं नाही. घंटा चार मिनिटं मागे पडायला लागली. पाण्याच्या मशीनवर लाल दिवा लागला, तो तसाच राहिला. एक मुलगी जिन्यात चक्कर येऊन बसली तेव्हा आम्ही पाच जण तिच्याभोवती उभे होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. त्या दिवशी मी अप्पांना फोन लावला.

"बोला माय," पलीकडून आवाज आला. मागे कुठेतरी मोटार चालू होती.

"अप्पा, इन्व्हर्टरमध्ये पाणी कोणतं घालायचं?"

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दोनदा. मग थोडं थांबले, मी अजून काही बोलते का म्हणून. मी आभार मानून फोन ठेवला. त्यानंतर लावला नाही.

परवा व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन शिक्षक तिथं बसलेले होते. "तुमची भाषा स्वच्छ आहे," ते म्हणाले, "एक जाहिरात लिहून द्या. आपल्याला एक माणूस लागेल. घंटा, पाण्याची मशीन, इन्व्हर्टर, प्रोजेक्टर, किरकोळ वायरिंग..." ते बोटांवर मोजत होते. मी तीन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी वर पाहिलं. शिक्षकांनीही पाहिलं.

"सर, अप्पांनी मला एकवीस कामं सांगितली होती. फॉर्म मी भरला. मी एकच लिहिलं."